मुक्या चित्रफितीच्या तोंडी आवाज कोंबू नका

पॅरिसमध्ये १९०० साली जे जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात ‘फोनो-सिनेमा-तेआत्र’ नावाचं एक छोटेखानी नाट्यगृह होतं. तिकीट काढून आत गेलं की पडद्यावर त्या काळचे नामांकित नट-नट्या दिसत आणि त्यांचा आवाज फोनोग्राफमधून, म्हणजे नळकांड्यावर मुद्रित केलेला आवाज वाजवणाऱ्या यंत्रातून येई. सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीचा हॅम्लेट लायर्टीसशी तलवार खेळे. कोकलँ हा फ्रेंच नट सिरानो होऊन द्वंद्व करता करता कविता रचे. मोलिएरच्या प्रहसनातला एक तुकडा होता, ऑपेराचे गायक होते, आणि वीतभर नव्हे तर हातभर लांबीचे बूट घालून नाचणारा लिटल टिच हा इंग्लंडचा विनोदी नटही होता. सिनेमाचे जनक मानल्या जाणाऱ्या ल्युमिएर बंधूंच्या पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती. म्हणजे ‘आधी मूकपट, मग बोलपट’ हा आपण पाठ केलेला क्रम तसा भोंगळच आहे.

यातल्या बऱ्याच चित्रफिती सापडल्या. सिनेमातेक फ्रान्सेझ आणि गोमाँ-पाते यांच्या संग्रहालयांनी त्या दुरुस्त करून २०१२ मध्ये पुन्हा लोकांसमोर आणल्या. आवाजाची बाजू मात्र फार विरळ उरली आहे. चित्र आहे आणि ध्वनी नाही, अशीच बहुतेकांची गत. इथे आता एक मोह उभा राहतो. बर्नहार्टने १९१० साली एडिसनच्या कंपनीसाठी रासीनच्या ‘फेद्र’ या नाटकातला उतारा ध्वनिमुद्रित केला होता. तो आजही ऐकायला मिळतो. एआयला तो आवाज शिकवायचा, आणि दहा वर्षं आधीच्या हॅम्लेटच्या ओठांवर नेऊन बसवायचा. तांत्रिकदृष्ट्या यात आता फारसं अवघड काही उरलेलं नाही. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संग्रहालयाने हे करावं का?

माझ्या मते करू नये. ‘जुनं ते सोनं’ म्हणून नाही, आणि अस्सल-नकलेच्या नेहमीच्या वादासाठीही नाही. या प्रयोगांत जे तुटलेलं, अपुरं, घसरलेलं आहे, तेच त्यांच्याविषयी सगळ्यात जास्त सांगतं. ते भरून काढलं की हातात नुसती एक गोंडस क्लिप उरते.

हे पटण्यासाठी त्या नाट्यगृहात नेमकं काय चाले ते बघायला हवं. प्रोजेक्टर हाताने फिरवायचा. फोनोग्राफ पडद्यापाशी. प्रोजेक्टर चालवणाऱ्याच्या कानाला टेलिफोनचा रिसीव्हर लावलेला असे. त्यातून फोनोग्राफवरचा आवाज ऐकत तो हँडल कमी-जास्त वेगाने फिरवी. दोन यंत्रांना जोडणारा दुवा म्हणजे एका माणसाचा कान आणि त्याचं मनगट. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा चौकटी, म्हणजे फितीवरची सुटी चित्रं, धावत. सोळा चौकटींची चूक झाली की ओठ आणि शब्द यांत एका सेकंदाचं अंतर पडणार. बोलण्यात एक सेकंद म्हणजे अर्धी ओळ. त्यात वीज वापरून आवाज मोठा करण्याची सोय नाही. कर्ण्यातून जेवढा निघेल तेवढाच. म्हणून प्रेक्षागृह लहान ठेवणं भाग होतं.

या पार्श्वभूमीवर कोकलँने निवडलेला प्रवेश पाहिला तर थक्क व्हायला होतं. एदमों रोस्ताँचं ‘सिरानो द बर्जराक’ हे नाटक २८ डिसेंबर १८९७ ला रंगभूमीवर आलं आणि सिरानोची भूमिका कोकलँसाठीच लिहिलेली होती. पहिल्या अंकात सिरानोच्या नाकाची टिंगल करणाऱ्या एका उमरावाला तो द्वंद्वाला उभा करतो, आणि जाहीर करतो की तलवार चालवत चालवत मी एक बॅलड रचणार, शेवटच्या ओळीवर वार लागणार. आठ ओळींची तीन कडवी, मग चार ओळींचा समारोप. अठ्ठाविसाव्या ओळीशी टोक शरीरात घुसतं. या प्रवेशाचा सगळा खटाटोपच शब्द आणि कृती एका क्षणी जुळवण्याचा आहे. शब्द आधी आला तर सिरानो बढाईखोर ठरतो, वार आधी लागला तर कविता फुकट जाते. ज्या यंत्राला जुळणीच जड जात होती, त्याच्यासमोर नटाने जुळणीचाच प्रवेश ठेवला. याला मी धाडस म्हणेन. अडाणीपणा म्हणणारेही असतील.

बर्नहार्टने नेमकं उलट केलं. तिने १८९९ मध्ये स्वतःच्या थिएटरात हॅम्लेट उभा केला, तेव्हा तिचं वय पन्नाशीच्या पुढे होतं. फ्रेंच गद्यातलं ते भाषांतर, स्त्रीने केलेला हॅम्लेट, त्यावर उठलेलं वादळ, हे सगळं ताजं होतं. तिच्या आवाजाला तर ‘सोन्याचा आवाज’ म्हणत. असा आवाज आणि जगातलं सगळ्यात बोलघेवडं नाटक हाताशी असताना यंत्रासाठी तिने घेतला तो शेवटचा तलवारबाजीचा प्रवेश, जिथे शब्दांना जवळजवळ रजा आहे. स्वगत नाही, आईशी भांडण नाही, कवटी नाही. पावलं, पवित्रे, झटापट, आणि मरून पडलेला राजपुत्र. सोन्याचा आवाज तिने यंत्राच्या हाती द्यायचं टाळलं, असं मला तरी वाटतं.

या दोन तुकड्यांत मिळून सुरुवातीच्या सगळ्या प्रयोगांचं कोडं आहे. नाटक कोणतं घ्यायचं हे साहित्याच्या थोरवीवर ठरत नव्हतं. नळकांडं किती मिनिटं फिरतं, कर्णा किती अंतरावरचं ऐकतो, फीत किती लांबीची, यावर ते ठरे. अडीच-तीन तासांच्या नाटकातून यंत्राच्या मापाचा एक तुकडा कापायचा. तो तुकडा असा हवा की आधीचं-नंतरचं माहीत नसलं तरी रंगेल. मग द्वंद्वं येतात, भांडणं येतात, गच्चीवरचं प्रेम येतं, गाजलेली गाणी येतात. ‘अभिजात नाटक’ म्हणून सर्वसामान्य माणसाच्या डोक्यात जे चार प्रवेश बसलेले असतात, ते तिथे बसवण्यात या नळकांड्यांचा आणि पुढे तबकड्यांचा हात मोठा आहे.

गोमाँ कंपनीने १९०२ पासून क्रोनोफोन आणला. त्यात आधी आवाज मुद्रित करून घ्यायचे आणि मग तो वाजत असताना नटाने कॅमेऱ्यासमोर ओठ हलवायचे. आपल्याकडे ज्याला प्लेबॅक म्हणतात आणि जे खास हिंदी सिनेमाचं म्हणून मिरवलं जातं, ते इथे पॅरिसात पाळण्यात दिसतं. आलिस गी या बाईने अशा शंभरावर चित्रफिती दिग्दर्शित केल्या. ‘फाउस्ट’ आणि ‘कार्मेन’ हे ऑपेरे तिने तुकड्यातुकड्यांनी चित्रित केले. तिचं नाव सिनेमाच्या इतिहासातून कित्येक दशकं गायब होतं, हा आणखी वेगळ्या लेखाचा विषय.

एडिसनने १९१३ च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कमध्ये कायनेटोफोन दाखवला. त्याचं मोठं नळकांडं सहा मिनिटांच्या आसपास चाले. प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या मागे आणि फोनोग्राफ पडद्यापाशी, आणि दोघांना जोडणारा लांबलचक पट्टा कप्प्यांवरून थिएटरभर फिरवलेला. या मालिकेत ‘ज्युलियस सीझर’ही होतं, आणि घेतलेला प्रवेश चौथ्या अंकातलं ब्रूटस-कॅसियसचं भांडण! निवड बघा: दोनच माणसं, एक तंबू, हालचाल कमी, आणि दोघांनीही चढ्या आवाजात बोलावं असं कारण नाटकातच दिलेलं. नटांना कर्ण्याच्या आवाक्यात राहून ओरडावंच लागे. भांडणात ते शोभून जातं. अँटनीचं रोममधल्या जमावासमोरचं भाषण जास्त प्रसिद्ध, पण त्याला जमाव हवा, जमावाचा गलका हवा, आणि तो सगळा एका कर्ण्यात कोंबायचा कसा? पट्टा घसरला की ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, आणि प्रेक्षक हुर्यो उडवत. डिसेंबर १९१४ मध्ये एडिसनच्या वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला आग लागली आणि हा उद्योग जवळपास तिथेच संपला.

इतिहासाची पुस्तकं इथे ‘अपयश’ असा शिक्का मारून १९२६ वर उडी घेतात. त्या वर्षी ६ ऑगस्टला वॉर्नर ब्रदर्सने व्हिटाफोनचा पहिला खेळ केला. आवाज अजून तबकडीवरच होता, पण आता मायक्रोफोन होता, विजेवर आवाज मोठा करता येत होता, आणि मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी सोळा इंची तबकडी एका रिळाला पुरत होती. त्या रात्री भाव खाऊन गेला तो ‘पालियाची’ ऑपेरातलं विदूषकाचं गाणं म्हणणारा जोवान्नी मार्तिनेल्ली. पुन्हा तेच: रंगभूमीवरचा गाजलेला तुकडा, यंत्राच्या मापाने कापलेला. आणि जुनी दुखणी होतीच. फीत कुठे फाटली तर गेलेल्या चौकटींइतकी काळी फीत मोजून जोडावी लागे, नाहीतर पुढचं सगळं रीळ तबकडीच्या पुढे धावत सुटे.

मग १९२९ उजाडलं, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या नवरा-बायकोच्या लाडक्या जोडीने शेक्सपिअरचं ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ केलं. शेक्सपिअरचा हा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट. लांबी सव्वा तासाच्याही आत, म्हणजे नाटकाची निम्म्याहून जास्त छाटणी. शेवटी कॅथरिनाचं ते कुप्रसिद्ध भाषण आहे, बायकोने नवऱ्याच्या पायाशी कसं राहावं याचं. पिकफर्ड ते भाषण छापील शब्दांनी म्हणते, आणि म्हणता म्हणता बहिणीकडे पाहून डोळा मारते. काम फत्ते. शब्द एक सांगतात, चेहरा दुसरं. रंगभूमीवर मागच्या रांगेपर्यंत हा डोळा पोचवायचा तर सगळं शरीर वाकवावं लागलं असतं. इथे पापणी पुरली. आवाजाशी चित्र जुळवण्यात तीस वर्षं घालवल्यावर, ते दोन्ही मुद्दाम एकमेकांविरुद्धही लावता येतात हे कुणाच्या तरी लक्षात आलं. माझ्या लेखी नाटकाचा सिनेमा होण्याचा हा एक खरा क्षण आहे.

त्याच वर्षी एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीने आपल्या ‘हॉलिवूड रेव्ह्यू’मध्ये रोमिओ-ज्युलिएटचा गच्चीवरचा प्रवेश घातला. नॉर्मा शिअरर आणि जॉन गिल्बर्ट तो सरळ म्हणतात. मग दिग्दर्शक झालेल्या लायनेल बॅरिमोरला मालकांची तार येते की ही भाषा चालणार नाही. मग तोच प्रवेश रस्त्यावरच्या बोलीत. विनोद म्हणून ठीक, पण त्यात धास्तीही दिसते: हे मोठे शब्द आमच्या नटांच्या तोंडी आणि आमच्या प्रेक्षकांच्या कानी बसतील ना? बोलायला लागल्याबरोबर सिनेमा रंगभूमीपुढे बिचकला, आणि बिचकल्याचं त्याने पडद्यावरच सांगून टाकलं. असा प्रामाणिकपणा नंतर फार दिसला नाही.

‘श्रू’चं पुढे काय झालं ते माझ्या मुद्द्याचं आहे. १९६६ साली तो चित्रपट पुन्हा बाजारात आणताना त्याची काटछाट झाली आणि नवं संगीत घातलं गेलं. हेतू चांगलाच असणार. जुना आवाज नव्या कानांना किरटा वाटेल, मधल्या शांत जागा मोकळ्या वाटतील. पण १९२९ च्या ध्वनिपट्टीवरच्या त्या मोकळ्या जागाच सांगतात की त्या काळी संवादाखाली संगीत मिसळणं किती जिकिरीचं होतं. त्या भरल्या की नवखा प्रेक्षक समजतो, नट उगीचच सावकाश बोलताहेत. दोष नटाच्या माथी येतो.

हाच अन्याय आपण मराठी माणसंही करतो. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. तो जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावर आधारलेला. अर्देशीर इराणींनी आणलेल्या तानार यंत्रात चित्र आणि आवाज एकाच फितीवर जात. त्यामुळे ओठ-शब्द घसरण्याची भीती नव्हती, पण चित्र कापलं की आवाजही कापला जाणार, ही नवी बेडी पायात पडली. स्टुडिओशेजारून रेल्वे जात असे, म्हणून गाड्या थांबल्यावर उत्तररात्री शूटिंग. वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड, मायक्रोफोन नटांच्या आसपास दडवलेले. अशा स्थितीत नट खिळल्यासारखे उभे राहिले यात नवल काय? आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. टेंबे म्हणजे गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी एक. मायक्रोफोन नसताना शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणाऱ्या रंगभूमीत मुरलेले. त्यांचं गाणं-बोलणं आज कुणाला ‘नाटकी’ वाटतं. वाटू दे. पण तो नाटकीपणा म्हणजे एका जिवंत तालमीचा यंत्रावर उमटलेला ठसा आहे. ध्वनिपट्टी घासूनपुसून, खरखर काढून, आवाज ‘नैसर्गिक’ करून हा ठसाच पुसला तर मग जपलं काय?

बालगंधर्वांचं उदाहरण तर आणखी झोंबणारं. रंगभूमीवर वन्समोअर घेत, दर खेपेला वेगळं, लांबवत जाणारं त्यांचं पद तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांत बसवलं गेलं. आज आपण ज्याला ‘बालगंधर्वांची गायकी’ म्हणतो त्यातला किती भाग गंधर्वांचा आणि किती तबकडीच्या लांबीचा? हा प्रश्न विचारायची सोय आहे, कारण तबकडी जशीच्या तशी आहे. उद्या कुणी त्या तबकड्यांवरून एआयकडून अर्ध्या तासाचं ‘संपूर्ण’ पद बनवून घेतलं, तर प्रश्नच बुजेल. आणि असं कुणीतरी करणारच, याविषयी मला शंका नाही. घरी बसून हौसेने करणाऱ्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण तेच काम सरकारी शिक्क्यानिशी होण्याशी आहे.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. ही दृश्यं १९०० साली मुकी दाखवलीच जात नव्हती. आवाज हरवला म्हणून तुम्ही ती आज शांततेत दाखवता, म्हणजे तुम्हीही एक खोटीच गोष्ट दाखवता. बर्नहार्टचा मुका हॅम्लेट हा कालौघाने केलेला अपघात आहे. त्याला पावित्र्य कसलं? हे बिनतोड आहे, निदान अर्ध्या वाटेपर्यंत. शांतता हीसुद्धा पुनर्रचनाच, हे मान्य.

पण त्या नाट्यगृहातला आवाज फितीवर नव्हता. तो दर खेळाला एक माणूस कान लावून, हँडल फिरवून जुळवत होता. कधी जुळे, कधी हुके. तो खेळाचा भाग होता, वस्तूचा नव्हे. म्हणून त्याची भरपाईही खेळातच व्हावी. पडद्यापाशी उभं राहून कुणी संहिता वाचावी, तलवारींचा खणखणाट प्रेक्षकांच्या देखत करावा, पियानो वाजवावा. दर वेळी वेगळं होईल, कुणाचीही फसगत होणार नाही, आणि फीत आहे तशी राहील. आपल्याकडे मूकपटांच्या काळात पेटी-तबल्याची साथ असे, इंग्रजी पाट्या मोठ्याने वाचून अर्थ सांगणारे असत. ही रीत मेलेली असली तरी अनोळखी नाही. एखाद्या नाट्यसंस्थेने ती उचलली तर संग्रहालयाला पन्नास संगणकांपेक्षा ती स्वस्त पडेल.

दुसरा आक्षेप असा, की तरुण पोरं असलं काही बघणार नाहीत. पीटर जॅक्सनने पहिल्या महायुद्धाच्या मुक्या चित्रणाला रंग दिले, ओठ वाचणाऱ्या तज्ज्ञांकडून शब्द काढून घेतले, नव्या नटांचे आवाज बसवले, आणि २०१८ मध्ये लोकांनी तो माहितीपट गर्दी करून पाहिला. पाहिला, खरंच. पण तो जॅक्सनचा चित्रपट आहे. त्याच्या नावावर, त्याच्या जबाबदारीवर. मूळ फिती युद्धसंग्रहालयात जशा होत्या तशा आहेत. कलावंताने जुन्या ऐवजाचं हवं ते करावं; ऐवज राखणाऱ्याने मात्र राखावा. ही दोन कामं एकाच हाताने केली की पुढे कुणालाच कळत नाही की कुठलं काय आहे.

हा प्रश्न पॅरिसपुरता राहिलेला नाही म्हणून एवढं लिहिलं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं, आणि त्याच वर्षी सुमारे २,२०० भारतीय चित्रपटांच्या पुनर्संस्काराची घोषणा झाली, ३६३ कोटी रुपयांची. पैसा आपला आहे. त्या यादीतल्या जुन्या बोलपटांच्या ध्वनिपट्टीवर काय केलं जाणार, किती खरखर काढणार, तुटलेल्या जागी काय घालणार, याचा लेखी नियम लोकांसमोर यायला हवा. माझी मागणी मोजकी आहे. मूळ ध्वनी कोणताही संस्कार न करता वेगळा जपावा आणि तो अभ्यासकाला ऐकायला मिळावा. सुधारलेल्या प्रतीच्या सुरुवातीच्या पाटीवर काय काढलं आणि काय घातलं ते साध्या मराठीत किंवा हिंदीत लिहावं, ‘डिजिटली रिस्टोअर्ड’ एवढ्यावर भागवू नये. जिथे आवाज उरलाच नाही तिथे तो बनवू नये. आणि आवाज बनवायचाच असं कुणी ठरवलं, तर तो त्याच्या स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या खर्चाने बनवावा.